देवीने मागितलेला कोंबडा

"देवीने उजवी पाकळी पाडून कौल दिला आहे, तिला सत्यभामाकाकींचा कोंबडा हवा," असे देवस्थानच्या अध्यक्षांनी सभामंडपात जाहीर केले.

काकींनी अंड्यांसाठी पाळलेल्या पिल्लांतले एक मोठे होऊन अनपेक्षितपणे आरवले होते. तो कोंबड्यांच्या पाठी ओरबाडत असे, म्हणून त्याला ठेवावे की नाही, हे काकींचे ठरत नव्हते. देवीने तो प्रश्न परस्पर सुरीवर सोपवला. गावातले बाकीचे कोंबडे तिच्या नजरेतून कसे सुटले, याचा खुलासा मात्र झाला नाही.

"गुरव तर तापाने फणफणलाय. मग मूर्तीला पाकळ्या लावल्या कुणी?" कोंबडा काखेत घेऊन उभ्या असलेल्या काकींनी विचारले.

"मी."

"पडताना पाहिल्या कुणी?"

"देवीने."

"आणि उद्या तुमच्याकडे व्याही जेवायला येणार, हे देवीला कुणी सांगितलं?"

"हा माझ्याकडेच राहील," म्हणत काकी पायऱ्या उतरू लागल्या.

अध्यक्ष मागून ओरडले, "मी मागितला असता तर तुम्ही दिला नसता, काकी! देवीला नाही म्हणायची तुमची छाती होणार नाही, असं वाटलं होतं मला."