कठोर वापर

"हे तेल माझं नाही," निरीक्षक म्हणाला.

बॉनेटखालून उपसून काढलेली डिपस्टिक त्याने मिस्त्रींच्या नाकासमोर धरली. टोकाला डांबरासारखा काळा थेंब लोंबत होता. गाडी नवी कोरी. पाच महिन्यांपूर्वी पहिल्या सर्व्हिसिंगला याच गॅरेजमध्ये तेल बदललं होतं. ते निवडण्यासाठी निरीक्षकाने तीन आठवडे वाचन केलं होतं, सीलबंद डबा तान्ह्या बाळासारखा मांडीवर आणला होता आणि ओतताना शेजारी उभा राहिला होता. मधेच एक फोन आला. दोन मिनिटं पाठ फिरली. त्या दोन मिनिटांवर त्याचा संशय होता.

निरीक्षक वजनमापे खात्यात होता. जगात एकही काटा आपणहून खरं बोलत नाही, हा त्याचा अनुभव. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, तेल बदला दहा हजार किलोमीटरला किंवा एका वर्षाने, जे आधी होईल ते. शोरूमवाला म्हणाला, साडेसात हजार. मेहुणा म्हणाला, पाच. तिघांचे तीन आकडे म्हणजे दोघं नक्की लबाड, आणि तिसऱ्याचं सिद्ध व्हायचं बाकी.

गाडी फक्त रविवारी बाहेर निघायची. ऑफिसला तो खात्याच्या जीपने जायचा. पाच महिन्यांत नऊशे चौदा किलोमीटर. त्याची डायरी आणि गाडीचा मीटर तंतोतंत जुळत होते. पेट्रोल तेवढं जास्त जात होतं, पण पंपवाल्यावर त्याचा डोळा आधीपासूनच होता. त्याने तो पंप दोनदा तपासला. माप थेंबाला थेंब बरोबर निघालं. तेव्हापासून तर संशय फारच बळावला.

मिस्त्रींनी तो थेंब अंगठ्यावर घेतला, चोळला, हुंगला.

"तेल तुमचंच आहे, साहेब. म्हातारं झालंय बिचारं. बदलून टाका, आणि यापुढे दर चार महिन्यांनी बदलत जा."

"नऊशे किलोमीटरला?"

"मीटर चाकांचं ऐकतो, तेल इंजिनाचं. गाडी उभी आणि इंजिन चालू असलं, की मीटर घोरतोय आणि तेल राबतंय. पुस्तिकेचं शेवटचं पान वाचा. 'कठोर वापर' म्हणून लिहिलंय."

"म्हणजे माझी गाडी मला न विचारता उभ्या जागी पळते?"

"मी कुठे तसं म्हणालो? मी म्हणतो, घरी विचारा."

"माझ्या घरात संशयाला जागा नाही," निरीक्षक म्हणाला. "उद्या चार वाजता येतो. तुमच्या तेलाच्या मापाला सील ठोकतो आणि दारावर नोटीस लावतो. मग बघू कोण म्हातारं झालंय."

नोटीस लागली की गिऱ्हाईक फिरकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मिस्त्रींनी हात पुसले.

"वीस वर्षं तुमची स्कूटर चालती ठेवली. ठोका, साहेब," ते म्हणाले आणि दुसऱ्या गाडीखाली सरकले.

घराबद्दल निरीक्षक खोटं बोलला नव्हता. त्याची आई आणि बायको यांच्यात कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. दोघी एकाच स्वयंपाकघरात दिवसभर वावरत, पण त्यांच्यापेक्षा भिंती बोलक्या. चुकून एखादा शब्द निघालाच, तर बाहेरच्या खोलीतून निरीक्षक विचारायचा, "काय म्हणालात? कोणाबद्दल?" की पुन्हा सामसूम. सासू-सून असूनही घर किती शांत आहे, हे तो ऑफिसात अभिमानाने सांगायचा. शिस्त लावावी लागते, म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी पुराव्यासाठी तेलाचा नमुना घ्यायला तो अडीच वाजता घरी आला. एका खिशात रिकामी बाटली, दुसऱ्यात सील. अंगणातल्या पत्र्याखाली गाडी उभी होती. इंजिन चालू होतं.

चोर! तो वाकून, चपला हातात घेऊन पुढे सरकला.

काचा बंद होत्या. आत एसी चालू होता. पुढच्या दोन्ही सीट मागे कललेल्या. एकीवर बायको, एकीवर आई. आईने कपाळाला आठ्या घालून, मान पुढे काढून, बोट उगारून कोणाची तरी नक्कल चालवली होती आणि बायको पोट धरून स्टिअरिंगवर कोसळली होती. नक्कल कोणाची आहे, ते ओळखायला निरीक्षकाला थोडा वेळ लागला. नक्कल उत्तम होती.

त्याने काचेवर टकटक केलं. हसू थांबलं. काच चार बोटं खाली आली.

"काय बोलताय? कोणाबद्दल?" सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

"म्हणून तर इथे बसतो, अहो," बायको म्हणाली. "काच वर केली की हा प्रश्न आत येत नाही."

"कधीपासून?"

"गाडी आली त्या आठवड्यापासून. रोज दोन ते साडेतीन."

निरीक्षकाने मनातल्या मनात गुणाकार केला. उत्तर काळंभोर आलं. चार वाजता मिस्त्रींकडे जायचं होतं. सील खिशात तयार होतं. माफी मात्र त्याने आयुष्यात कधी जवळ बाळगली नव्हती. काहीतरी अधिकाराने बोलणं भाग होतं.

"मिस्त्री म्हणतात, असंच चालू राहिलं तर दर चार महिन्यांनी तेल बदलावं लागेल."

"मग बदल की," आई म्हणाली आणि काच वर करायला लागली. "तुझ्याबद्दल बोलताना आम्ही अजून तुझ्या दहावीपर्यंतच पोचलोय."