एक दिवस गरिबीचा

समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दारिद्र्याची अनुभूती यावी, म्हणून ओहायोतील एका विद्यापीठाने जुलैच्या भर उन्हाळ्यात 'एक दिवस गरिबीचा' योजला होता आणि त्यासाठी सभागृह चांगले गारेगार करून ठेवले होते. गैरहजर राहणाऱ्याला पदवी नाही, असा दंडक होता. मूल सांभाळणारी मुलगी ऐनवेळी न आल्यामुळे मारिसेला ही विद्यार्थिनी दीड वर्षाच्या लेकाला कडेवर घेऊनच दाराशी पोहोचली.

"मूल आत आणता येणार नाही," प्राध्यापिका व्हिटकम म्हणाल्या.

"मॅडम, घरी दुसरं कुणीच नाही हो. कोपऱ्यात घेऊन बसते."

"अगं, सबबी कसल्या सांगतेस? आधीपासून सोय करून ठेवावी माणसानं! आत किती गंभीर विषय चाललाय!"

दार लागले. मारिसेला उन्हात, दाराच्या काचेशी तशीच उभी राहिली. आत रबरी बाहुली कडेवर घेतलेली एक विद्यार्थिनी निराधार मातेची भूमिका वठवीत होती आणि सरकारी कारकून झालेला विद्यार्थी तिच्यावर खेकसत होता, "मूल आत आणता येणार नाही!"



व्हिटकमबाईंनी डोळे टिपले. "किती निर्दय असतात गं ही माणसं!"