शंभर बांगडे, शून्य किडे

भैरवीनं शंभराव्या बांगड्याचा कल्ला कात्रीच्या टोकानं उचलला. आत बर्फाचं पाणी होतं. किडा नव्हता.

वहीतल्या ओळीत तिनं शेवटचं शून्य भरलं.

"संपलं का गं?" आईनं जिन्यातूनच विचारलं. नाकाला पदर लावलेला. आईच्या, म्हणजे चंद्रप्रभाबाईंच्या, घरात अंडंही शिजत नसे. म्हणून माशांची मुंडकी गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीपलीकडं. "लोकांच्या पोरी वाघ वाचवतात, माळढोक वाचवतात. आमची माशाच्या उवा वाचवती."

"उवा नाहीत, आई."

"मग काय हायेत?"

बांगड्याच्या कल्ल्यात नखाएवढा पांढुरका किडा शिरतो आणि रक्त पीत तिथंच मुक्काम ठोकतो. उवेपेक्षा वेगळं असं त्यात फारसं काही नव्हतं. पण हे किडे नेहमीइतके सापडत राहिले, तर समुद्राचं बरं चाललंय असं समजायचं. एकदम नाहीसे झाले, तर तिकडं काहीतरी बिनसलंय.

समुद्र उमरग्यापासून शेकडो किलोमीटर लांब. भैरवीनं तो अजून पाहिलाही नव्हता. पण हायवेवरून आंध्रच्या किनाऱ्याचा मासा रोज सकाळी येई. जैनोद्दीनचाचांच्या दुकानात गिऱ्हाइकं मासा घेत आणि मुंडकं टाकून जात. ती मुंडकी भैरवीची.

ऑगस्ट ते ऑक्टोबर दर शंभरात अठरा-वीस किडे निघाले. दिवाळीनंतर शून्य. डिसेंबरात शून्य. जानेवारीतही शून्य.

किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत शिष्यवृत्तीची एकच जागा होती. मुलाखत शुक्रवारी. ती हुकली तर बी.एड.ला जायचं. वडिलांनी, मार्तंडरावांनी, फॉर्म भरून ठेवला होता. फक्त तिची सही बाकी होती.

"मला शून्य आवडत नाही," तिचे कॉलेजातले मार्गदर्शक राजशेखर सर म्हणाले. "पाच म्हण, दोन म्हण. शून्य म्हणजे एकतर फार मोठी गोष्ट, नाहीतर आपला गाढवपणा. मला वाटतं, माल शिळा असणार. कोल्ड स्टोरेजमध्ये महिनाभर पडला की किडे गळत असतील. आधी ते बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भैरवी दुकानापुढं उभी होती. टेम्पो आला. ड्रायव्हर अक्रमनं माल भरल्याची पावती दाखवली. तारीख परवाची.

"परवा पाण्यात होता, मॅडम," अक्रम म्हणाला. "आपण मेलोय हे त्याला अजून ठावं न्हाय."

बांगड्याचे डोळे खरंच काचेसारखे स्वच्छ होते. भैरवीनं कल्ला उघडायला हात घातला, तेवढ्यात चाचांनी क्रेट हळूच आपल्याकडं ओढला.

"इथं नको, बेटा. बर्फात बोटं गळून पडतील. दुपारी ये. तुझी सकिनाचाची मुंडकी डब्यात नीट लावून ठेवती." मग ते अक्रमकडं वळले. "मालूम हाय का? आपल्या दुकानाचं नाव पुस्तकात छापून येणार हाय. दिवाळीचा फराळ द्यायला आली तवाच सांगितलं हिनं. मोठमोठे साहेब वाचणार."

"माझं बी नाव टाका की, मॅडम."

"तुझं नाव चलानावर हाय तेवढं बास," चाचा म्हणाले.

म्हणजे मासा ताजा होता. गाढवपणा नव्हता.

त्या दुपारी भैरवीनं भिंग लावून मुंडकी पुन्हा तपासली. तेव्हा तिला ते दिसलं. शंभरातल्या एकोणीस बांगड्यांच्या कल्ल्यांवर बारीक खळगा होता. किडा महिनोन्‌महिने बसल्यावर पडतो तसाच. बसल्याची खूण होती, बसणारा नव्हता.

तिनं सरांना फोन लावला. "सर, किडे येतायत. पण टिकत नाहीयेत. मासा सोडून जातायत."

सर म्हणाले, "शून्याबद्दल मी बोललो ते विसर."

शुक्रवारी मुलाखत लॅपटॉपवर झाली. समितीत तिघं होते. पहिली दहा मिनिटं एक जण चहा पीत होते. खळग्यांचे फोटो आले तसा त्यांनी कप खाली ठेवला.

"एकोणीस खुणा, आणि किडा एकही नाही?" मधल्या बाईंनी चष्मा काढून विचारलं.

"एकही नाही, मॅडम. तीन महिने."

"तुम्हाला काय वाटतं?"

"पाणी बदलतंय, मॅडम. आपल्याला कळायच्या आधी किड्यांना कळलंय."

तिघांनी आवाज बंद करून आपसात काहीतरी बोलून घेतलं. आवाज परत आला तेव्हा बाई हसत होत्या. "जागा तुमची. पण हे प्रकरण आता तुमच्या एकटीचं राहिलं नाही. आमची माणसं सोमवारी तिकडं येतील."

चंद्रप्रभाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मार्तंडरावांनी बी.एड.चा फॉर्म घडी करून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकला. भैरवी पेढ्यांचा पुडा घेऊन पळतच दुकानात गेली.

"चाचा, झालं! मला जागा मिळाली!"

"माशाअल्ला!" चाचांनी मासळीचा हात लुंगीला पुसला आणि पेढा घेतला. "मला ठावं होतं. लई कष्ट केलेस, बेटा."

"आणि सोमवारी संस्थेचे शास्त्रज्ञ येणार आहेत. तुमच्याच दुकानातले पाचशे बांगडे तपासायला."

चाचांचा हात तोंडापाशीच थांबला. "साहेब लोक? खुद्द इथं?"

"हो. मुद्दाम."

चाचांनी पेढा तसाच काट्यावर ठेवला आणि मागच्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "सकिना! सोमवारी पाचशे हायेत! शेजारच्या मेहनाजला बी बोलावून घे, अन् आणखी दोन चिमटे आणून ठेव. पोरीच्या डब्यातला किडा न् किडा वेचला, तसंच साहेबांचं बी करू. दुकानाच्या नावापुढं एक बी किडा छापून यायला नको."