पेरिनचा हुंडा

रविवारच्या प्रार्थनेत रेमी गारोचा धाकटा मुलगा खोकला, आणि मागच्या चार बाकांनी आशेने कान टवकारले.

खोकला साधाच निघाला. बाकांचा हिरमोड झाला.

त्या पोराशी गावाचं वैर नव्हतं. वैर होतं ते दहा या आकड्याशी. पॅरिसमध्ये राजेसाहेबांच्या मंत्रिमहाशयांना प्रजा कमी वाटू लागली होती. त्यांनी फर्मान काढलं, की ज्याची दहा मुलं हयात असतील आणि त्यांतलं एकही पाद्री किंवा नन झालेलं नसेल, त्याला कर माफ. गारोला बरोबर दहा होती. त्याचा कर माफ झाला, पण गावावर बसवलेली एकूण रक्कम काही कमी झाली नाही. मंत्रिमहाशयांचं औदार्य गेली सहा वर्षं गारोचे शेजारी आपल्या खिशातून चालवत होते.

गेल्या वर्षी गारोचा थोरला, कोला, फ्लँडर्सच्या लढाईत पडला. गावाने दिवसभर दुःख केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कर-कचेरीत माणूस धाडला. कारकुनाने फर्मानाची मागची बाजू दाखवली. राजाच्या सैन्यात मेलेला मुलगा हयात धरावा, असं तिथे लिहिलं होतं.

"म्हणजे मेला तरी जिवंतच?" चक्कीवाल्या लुबांने विचारलं.

"कागदापुरता," कारकून म्हणाला.

गाव गरीब होता. निदान तसा दिसत होता. कर दिसण्यावर बसत असल्यामुळे दिसण्यावर सगळ्यांचीच मेहनत असे. लुबां बारा महिने ठिगळांचा कोट घाली. खानावळवाली गियमेत घरच्यांसाठी मांस शिजवायचं झालं तर खिडक्या लावून घेई आणि वास झाकायला शेजारी कोबी उकळत ठेवी.

गारोची सतरा वर्षांची मुलगी पेरिन हिला नन व्हायचं होतं. बाराव्या वर्षापासून तिचा हाच हट्ट होता. गारोचं उत्तरही ठरलेलं होतं, की या घरातून देवाला फक्त मेणबत्ती जाईल. शिवाय शहरातला मठ हुंडा मागत होता. नवरा काय आणि देव काय, हुंड्याशिवाय कुणीच पोर घेत नाही, आणि तेवढी ऐपत आपल्याला नाही, असं तो ज्याला त्याला ऐकवी.

ते ऐकून ऐकून एके दिवशी गावाला देवभक्ती सुचली. पोरीच्या मनात एवढी ओढ असताना आपण ख्रिस्ती माणसांनी स्वस्थ कसं बसावं, असं गियमेतच्या खानावळीत चार जणांनी एकाच संध्याकाळी म्हटलं. दुसऱ्या दिवशी लुबां आणि गियमेत फादरना घेऊन गारोच्या दारात उभे राहिले.

"पोरीचा हुंडा गाव देणार," लुबां म्हणाला.

"गावाला देव कधीपासून आठवायला लागला?"

"तुझ्याच कृपेने, रेमी. सहा वर्षं रोज आठवतोय."

गारोची बायको तिएनेत चुलीपाशी होती. तिने मागे न वळताच गियमेतला सुनावलं, की दुसऱ्याची पोरं मोजायची एवढी हौस असेल तर आधी स्वतः दहा विऊन बघावीत. गियमेत म्हणाली, आपल्याला कर भरण्यातून फुरसत मिळाली असती तर तेही केलं असतं. फादर छताकडे बघत राहिले.

मग पेरिन बोलली. "बाबा, तुम्ही मला माफीच्या कागदावर बसवून ठेवलंय. मला तिथून उतरवा."

गारो बाकावर बसला.

"माझी एकच अट आहे," तो म्हणाला. "कुणी किती दिलं ते फादरनी लिहून ठेवायचं आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचायचं. गारोकडेच पैसा पुरलेला होता, असं उद्या कुणी म्हणायला नको."

अट सगळ्यांना पसंत पडली. फादरना तर फारच. लुबांने चांदीचे दहा एक्यू सांगितले होते. गियमेत पंधरा देणार हे कळल्यावर त्याने वीस केले. मग लोहाराला राहवेना. तळघरांतून मडकी वर आली. नाण्यांना मातीचा वास होता, पण चांदी अस्सल होती. पुढच्या रविवारी फादर नावं वाचत असताना प्रत्येक जण आपल्या नावाला मान खाली घालत होता आणि दुसऱ्याच्या नावाला वर करत होता.

पेरिनची गाडी निघाली तेव्हा वेशीवर सारा गाव जमला होता. इतक्या प्रेमाने त्या गावाने कुणाच्याच मुलीला निरोप दिला नव्हता. ती खरोखरच आनंदात होती, त्यामुळे गावाला पुण्यही लागलं.

पुढच्या वर्षी तिने व्रत घेतलं. कर-कचेरीचा कारकून आला. चर्चच्या अंगणात घंटा वाजवून सभा भरवली गेली आणि गारोची माफी रद्द झाल्याचं जाहीर झालं. लुबांने गारोला कमरेत वाकून मुजरा केला. अंगण हसलं.

कारकून थांबला नव्हता. माफीबरोबर एक सवलतही गेली, असं त्याने वाचलं. गावात कर गोळा करण्याचं काम दर वर्षी पाळीने एकावर येई, आणि वसुली कमी पडली तर त्यालाच तुरुंगात बसावं लागे. प्रत्येकाने ते एकेकदा भोगलं होतं. माफीवाला गारो तेवढा सुटला होता.

यंदाची पाळी गारोची, यावर हात वर करायला सांगायचीही गरज पडली नाही. सगळे वरच होते.

"तुरुंगात मऊ गवत मागून घे हो," गियमेत म्हणाली.

गारोने टोपी काढली. कारकुनाच्या मेजामागे जाऊन बसला. कोणत्या घराने किती द्यायचं हे ठरवण्याचा अधिकार त्या वर्षापुरता त्याचाच, असं लिहिलेल्या कागदावर त्याने सावकाश अंगठा उमटवला. मग तो फादरकडे वळला.

"फादर, हुंड्याची ती यादी आणता का जरा? नावं आणि रकमा. मोठ्याने वाचा, मागच्या वेळेसारखंच."