तिसऱ्या बोटाखाली

आपल्या क्लिनिकमध्ये घेतलेल्या चिनी वैद्यकाच्या शेवटच्या परीक्षेला टिळेकरसरांनी पेशंट आत बोलावलाच नाही. नाडी बघायच्या छोट्या उशीवर स्वतःचंच मनगट ठेवलं आणि म्हणाले, "सांगा, काय म्हणतेय नाडी?"

आधीचे दोघे "सर, तुम्ही ठणठणीत आहात" म्हणाले आणि सुटका झाल्यासारखे बाहेर पडले. आता शर्वाणीचा नंबर होता. तिने तीन बोटं टेकवली. वरवर नाडी लागली. पण दाबून बघितलं तर तिसऱ्या बोटाखाली, जिथे मूत्रपिंडाची ताकद कळते तिथे, काहीच लागेना. आपलंच बोट चुकतंय म्हणून तिने दुसरं मनगट मागितलं. तिथेही तेच. ज्यांनी नाडी धरायला शिकवलं, त्यांना हे कसं सांगायचं?

"सर, तुमची शक्ती आटत चाललीय," ती कशीबशी म्हणाली. "सुया नकोत. रोज कंबरेला शेक, आणि क्लिनिकमध्ये बसायचं नाही तुम्ही."

सरांनी हात काढून घेतला नाही. बाहेरच्या बाकावर खोकणारे पेशंट दोघांनाही ऐकू येत होते.

"मग यांना कोण तपासणार?" परीक्षेतला पुढचा प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं.

शर्वाणीने नाडीवरची बोटं उचलली नाहीत. "मी," ती म्हणाली.