सातची घंटी

सात वाजायला थोडा वेळ उरला तसा उत्तमरावांनी उठून कूलर बंद केला. मे महिन्यात अमरावतीत भर संध्याकाळी कूलर बंद करणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर घड्याळवेडा. त्यांच्या पत्नी माणिकबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "घ्या आता भाजून सगळे. दोन घड्याळांचं लगन लागून राहिलं."

दामिनी हसली. ती अकोल्याच्या खुशालरावांची मुलगी. नोकरी पुण्यात, पण सुट्टीवर आली की वडिलांच्या या मित्राकडे एक मुक्काम ठरलेला. उद्या सकाळी ती अकोल्याला परतणार होती आणि यंदा उत्तमरावही सोबत निघाले होते. त्यांची पिशवी दुपारपासूनच भरून दाराशी ठेवली होती. तिच्यात सर्वांत वर, टॉवेलात गुंडाळलेलं, साबणाच्या डबीएवढं एक यंत्र होतं. थेट उपग्रहाकडून वेळ घेणारं.

"यानं माह्यं घड्याळ महिनाभर तपासलं," उत्तमराव म्हणाले. "जराबी मांगंपुढं झालं नाही. आता तुह्या बाबाच्या घड्याळाले लावतो. रोज मलेच म्हणते, तुह्यं मांगं हाय."

लंबकाच्या घड्याळाचा नाद दोघांनाही सारखाच. लंबकावर बाटलीचं झाकण चिकटवायचं आणि त्यात मोहरीचे दाणे टाकायचे. एक दाणा वाढवला की घड्याळ किंचित पळतं, काढला की रेंगाळतं. दोघांनीही आपापल्या घड्याळाला सायकलची घंटी जोडली होती, नेमकी सातला वाजणारी. त्या वेळी खुशालराव अकोल्याहून फोन लावत, दोघेही फोन घड्याळाजवळ धरत आणि कोणाची घंटी नंतर वाजली यावर भांडण सुरू होई. ते चांगलं जेवणवेळेपर्यंत चाले. बायको गेल्यापासून खुशालरावांच्या घरात दिवसभरात दुसरं बोलणं नव्हतंच.

फोन वाजला.

"कूलर बंद केला काय?" खुशालरावांनी विचारलं.

"केला. तू पंखा बंद कर, घरघर ऐकू येऊन राहिली."

भिंतीवरची घंटी वाजली. पापणी लवते न लवते तोच फोनमधून दुसरी वाजली.

"ऐकलं? तुह्यं मांगं हाय," उत्तमराव म्हणाले.

"काहीच्या काही. मले तुह्यीच नंतर ऐकू आली."

"उद्या येतोच मी यंत्र घेऊन. एकदाचा निकाल लावून टाकू."

"यंत्र कायले आणतं गड्या?" खुशालराव म्हणाले. "तसाच ये ना. आमरस करू."

"डरला!" म्हणत उत्तमरावांनी विजयी मुद्रेनं फोन ठेवला. आज भांडण चालवायची गरजच नव्हती.

दामिनी मघापासून चुळबुळत होती. शेवटी ती म्हणाली, "काका, यंत्र नका नेऊ."

"काहून? बाबाची बाजू घेऊन राहिली?"

"दोघांचंबी बरोबर निघन. मोबाइलातून आवाज यायले जरासा येळ लागते. म्हणून तुमाले बाबाचं मांगं वाटते, अन् बाबाले तुमचं."

उत्तमरावांना हे पटणं शक्यच नव्हतं. मग दामिनी माणिकबाईंचा मोबाइल घेऊन अंगणात गेली. तिथून तिनं उत्तमरावांना फोन लावला आणि टाळी वाजवली. टाळी आधी खिडकीतून आली, मग हातातल्या फोनमधून. उत्तमरावांनी तिला पुन्हा वाजवायला लावली, मग आणखी एकदा. दर वेळी तेच.

ते खुर्चीत बसले. आपलं घड्याळ बरोबर निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. दोन्ही घड्याळं बरोबर आहेत हे एकदा कळलं, की उद्यापासून अकोल्याचा खुशाल सातला फोन कशाला करेल? तब्येतीची चौकशी करायला फोन करणाऱ्यातला तो नव्हे.

त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं, टॉवेलासकट कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आणि कपाट लावून घेतलं. माणिकबाईंनी काही न विचारता कूलर सुरू केला.

"पोरी," उत्तमराव म्हणाले, "हे तुह्या बाबाले सांगजो नको."

दामिनी हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली.

"त्याले दिवाळीतच सांगतलं मी," ती म्हणाली. "अशीच टाळी वाजवून दाखवली."

"मंग?"

"मंग काय? बाबा म्हणे, उत्तमले सांगजो नको."

दिवाळीपासून रोज संध्याकाळी तो लबाड आपल्याशी तावातावानं भांडत होता. उत्तमरावांना हसू आलं. मग त्यांनी उठून स्वतः अकोल्याला फोन लावला. एरवी तो कधी त्यांनी लावला नव्हता.

"काय झालं रे?" खुशालरावांचा आवाज घाबरा होता.

"काही नाही. ते यंत्र बिघडलं गड्या. उद्या तसाच येतो," उत्तमराव म्हणाले. "पण तुह्यं घड्याळ मांगंच हाय, येवढं सांगाचं होतं."

तिकडून उत्तर यायला वेळ लागला. मोबाइलला लागतो त्याहून बराच जास्त.

"तुह्यंच मांगं हाय," खुशालराव म्हणाले.