अक्कांनी लावलेला अर्थ

"सुटा पत्ता कधी वाचू नये गं. नुसतं मीठ चाखून आमटी कळते का?" माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, दुसरा पत्ता पहिल्याशेजारी ठेवत म्हणाल्या. म्हातारपणी नातीकडून टॅरोचे पत्ते वाचून भविष्य सांगायला शिकल्या. आता सगळी आळी विचारायला येते, आणि अक्का भीडभाड न ठेवता दिसेल ते सांगतात.

आज मी विचारलं होतं, मुलाकडे इंदूरला कायमची जाऊन राहू का?

नेमाच्या वाती वळता वळता मी वाकून पाहिलं. एका पत्त्यावर पेले मागे ठेवून निघालेला पाठमोरा माणूस. शेजारी लखलखीत सूर्य आणि घोड्यावर हसरं मूल. निघ, सुखी होशील. मलासुद्धा कळलं.

अक्का मात्र पत्ते सोडून माझ्या हातातल्या वातींकडे बघत होत्या. एकाच मांडवातून आम्ही दोघी या घरी आलो. पहिल्या हरतालिकेला भुकेनं मला रडू फुटलं, तेव्हा पदराआडून पोळीचा तुकडा देत म्हणाल्या होत्या, "देवी रागावली तर माझं नाव सांग."

"सूर्य शेजारी आला की अर्थ उलटा होतो," त्या पत्त्यांकडे न बघताच म्हणाल्या. "पत्ते थांब म्हणतायत."

"नक्की ना, अक्का?"

"मी काय खोटं सांगेन?" त्यांनी घाईघाईनं पत्ते गोळा केले.

दिवेलागणीनंतर मी मुलाला फोन केला. "अरे, पत्त्यांत नाही म्हणून आलंय."

तो हसला. "आई, तू कधीपासून पत्ते मानायला लागलीस?"

"आजपासून," मी म्हटलं.